सात नंबरचा मायक्रोस्कोप

रोशनीने स्लाइड काढून बाजूला ठेवली आणि पुन्हा आयपीसला डोळा लावला. जाळं जिथल्या तिथं होतं.

आता काय म्हणावं याला! स्लाइडवर कांद्याचा पापुद्रा होता तेव्हा धुक्यात हेच जाळं पसरलेलं. पापुद्रा बदलला, तरी जाळं. आता खाली स्लाइडच नाही, तरी हे आपलं ठाण मांडून बसलेलं. तिने दुसरा डोळा लावून पाहिला. तेच! हरसूलजवळच्या आपल्या पाड्यावरून सायन्सला आलेली ती पहिलीच पोरगी, आणि नेमके तिचेच दोन्ही डोळे अधू निघावेत?

शेजारच्या टेबलावरची तेजस्विनी मात्र मजेत होती. सटाण्याच्या कांदेवाल्यांची लेक ती. एका झटक्यात पापुद्रा सोलून तिने स्लाइडवर ठेवला, वर आयोडीनचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपकडे ढुंकूनही न पाहता जर्नल पुढे ओढलं. आकृती तयारच होती. भिंतीतल्या विटांसारख्या रचलेल्या पेशी, प्रत्येकीत एकेक ठिपका.

"तू कधी काढली ही?"

"दिवाळीच्या सुट्टीत. ताईच्या जर्नलवरून. सगळेच आधी काढून आणतात गं."

"पण तुला दिसतंय का तसं?"

"असणारच ना तसं! वेडाबाई, आज सही नाही झाली तर परीक्षेला बसू देणार नाहीत. घे, उतरव पटकन."

रोशनीने पेन्सिल उचलली. पहिली वीट काढली, दुसरी अर्धी झाली. मग राहवेना म्हणून तिने पुन्हा एकदा वाकून पाहिलं. हात लागून आयपीस सैल फिरला, आणि त्याच्याबरोबर जाळंही गोल फिरलं. तिने मुद्दाम उलटं फिरवलं. जाळं उलटं फिरलं. तिचे डोळे तर कुठंच फिरले नव्हते.

तिला काही उलगडा होईना. पण डोळ्यांवरचा आळ गेल्यासारखं वाटलं. तिने दीड वीट खोडली आणि दिसत होतं ते जाळं, फाटे फुटलेल्या दोऱ्यांसकट, कागदावर उतरवलं.

हर्षाली मॅडम लाल पेन घेऊन एकेका टेबलाशी सह्या ठोकत आल्या आणि सात नंबरला थबकल्या.

"हे काय? आज कांदा आहे, कोळ्याचं जाळं नाही."

वर्ग फिदीफिदी हसला. रोशनीचे कान तापले.

"दिसलं ते काढलं, मॅडम. कांदा काढून घेतला तरी दिसतंय. अन् ही नळी फिरवली का तेबी फिरतंय."

"या टेबलावर आजवर सगळ्यांना पेशी दिसल्या, आणि तुलाच तेवढं जाळं दिसतंय होय?"

असं म्हणत मॅडम वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. त्यांनी आयपीस हळूच फिरवला, पुन्हा फिरवला. मग बाटल्या पुसणाऱ्या लॅब अटेंडंटला हाक मारली.

"केरूमामा, हा मायक्रोस्कोप दुरुस्तीला कधी गेला होता?"

"हा? कधीच नाय. ह्याची कुणी तक्रारच नाय केली." केरूमामा हसले. "तुम्ही हितं शिकत होत्या तवापासून हाय की. तुम्हीच बसायच्या सात नंबरला."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"आतल्या काचेवर बुरशी धरलीये," त्या म्हणाल्या. मग रोशनीलाच ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाल्या, "तेव्हा जाळं नव्हतं. नुसतं धुकं होतं."

"मग तुम्ही काय काढलं होतं, मॅडम?"

पोरीने खरंच भाबडेपणाने विचारलं होतं.

"पेशी. मला वाटलं, माझेच डोळे खराब. घरी कळलं तर शिक्षण बंद करतील, म्हणून गप्प बसले."

त्यांनी जाळ्याखाली 'बुरशी' असं लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. मग रोशनीला तेजस्विनीच्या मायक्रोस्कोपपाशी नेऊन स्वतःच्या हाताने फोकस लावून दिला.

रोशनी पाहत राहिली. पिवळसर उजेडात कप्पेच कप्पे होते, एकमेकांना चिकटलेले. पण तिच्या कपाळावरची आठी काही जाईना.

"मॅडम, हितं पुस्तकातल्यासारखं नाय दिसत. ह्या विटा वाकड्यातिकड्या हायेत. एकीत तर ठिपकाच नाय."

"मग वाकड्याच काढ. आणि नसेल तिथं ठिपका देऊ नकोस."

मॅडम वर्गाकडे वळल्या. "सह्या झाल्यात त्यांनीही जर्नलं परत आणा."

सगळीकडे कुरकुर सुरू झाली. तेजस्विनीने आपल्या दिवाळीतल्या आकृतीकडे एकवार पाहिलं आणि दप्तरातून खोडरबर काढलं.