माझ्यावर पाय ठरत नाही

मी शेततळ्यातला कागद बोलतोय. नाव कागद, पण मी आहे काळं जाड प्लास्टिक. चोपडा तालुक्यात, तापीपासून हाकेच्या अंतरावर, योगराजच्या केळीच्या बागेत मला अंथरलं त्याला पाच वर्षं झाली. एका माणसाचा जीव माझ्यामुळे गेला. मला कुणी विचारलं नाही, म्हणून आपणहून सांगतोय.

आधी माझ्यात फक्त केळीचं पाणी होतं. मग योगराजनं मासे सोडले. तेव्हा इकडे सगळ्यांनाच माशांचं वेड लागलं होतं. जिकडे बघावं तिकडे तळी. सरकारी अनुदान आलं, मत्स्यबीज आलं, खाद्याची पोती आणि बर्फाच्या गाड्या थेट बांधावर येऊ लागल्या. अनुदानाच्या बैठकीत सरकारी साहेब म्हणाले, देश मासळीत पुढं चाललाय. चाललाच होता, मी खोटं कशाला बोलू? आठ-नऊ महिन्यांनी माझ्यातून गाडी भरून मासा सुरतेला जायचा.

झुलाल आबा जातीचा भोई. उभा जन्म तापीत जाळं टाकण्यात गेला. पण तळ्यातला मासा बारमाही मिळायला लागला, तेव्हा नदीतला चार बोटांचा मासा घेतो कोण? आबानं जाळं गुंडाळून ठेवलं आणि योगराजकडे माशांना खाद्य टाकायच्या कामाला लागला. घरी तो आणि विधवा सून कोकिळा, दोघंच. काम झालं की बांधावर तापीकडे तोंड करून विडी ओढत बसायचा.

माझी खोड तेव्हाही सगळ्यांना माहीत होती. ओला झालो की माझ्यावर पाय ठरत नाही. शेवाळ धरलं की कुत्रंसुद्धा वर येऊ शकत नाही. म्हणून चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडलेले असत.

यंदा मे महिन्यात वादळाचा इशारा आला. केळी घडांनी वाकलेली. झाडं बांधायला बागेत दोर कमी पडला, तेव्हा आबानंच तळ्याचे दोर सोडायला घेतले. कोकिळा त्याची भाकर घेऊन आली होती. ती म्हणाली, "आबा, तो दोर ऱ्हाऊ द्या ना."

"दोन दिननी गोट शे, बाय. मी तापीना माणूस. या डबकामा बुडसू काय?"

दोनच दिवसांचा तर प्रश्न, म्हणून योगराजही हसला. मालकानं तिथंच नको म्हणायला हवं होतं. पण त्याचा सगळा जीव घडांत अडकला होता.

वादळ येऊन गेलं. सकाळी आभाळ भरलेलं, वीज गेलेली, पाण्यात हवा भरणारं चाक बंद. मासे वर येऊन आ वासू लागले. बांबूनं पाणी बडवलं की त्यांना थोडी हवा मिळते. आबा बांबू घेऊन धावतच आला, माझ्यावर दोन पावलं उतरला आणि घसरला.

त्याला पोहता येत होतं हो. फार चांगलं येत होतं. चारही काठांना तो आला, माझ्यावर नखं रुतवली, गुडघे टेकले, आणि दर वेळी मी त्याला खाली सोडलं. हाका मारल्या त्यानं. योगराज बागेच्या त्या टोकाला पडलेली केळी बघत फिरत होता. नदीच्या काठाला निदान माती असते, झाडाची मुळं असतात. मला माझीच शरम वाटते.

दुपारी आबाला बाहेर काढलं, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी माझ्यातले मासे काढले. माणूस बुडालेल्या पाण्यातले म्हणून गावात कुणी त्यांना हात लावला नाही. सुरतेच्या गाडीनं सगळे नेले, तिकडे कुणाला काय ठाऊक.

आता नवं बीज सोडलंय आणि खाद्य टाकायला कोकिळा येते. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. दोर अजून केळीलाच आहेत, घड उतरले की आणू म्हणतात. ती बादली घेऊन बांधावर उभी राहते आणि माशांची नवी पिल्लं जवळ यावीत म्हणून रोज एखादं पाऊल माझ्यावर टाकते.

बाई, मागं हो. मला तुला धरता येणार नाही.