बहिणीच्या गाडीला थोडा जास्त

मी एका जुन्या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बोलतोय. बोलतोय कसला, आतल्या आत ओरडतोय. मला गाडीतून काढून गॅरेजच्या टेबलावर पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवलंय. माझ्या तोंडातून काळं तेल गळतंय. माझं जे व्हायचं ते झालं. पण समोर पंख्यापुढे ताई बसल्यात, त्यांच्यासाठी तरी कुणीतरी माझं ऐका.

माझं काम साधं होतं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचं आणि गॅस दाबून पुढे ढकलायचा. लोक म्हणतात, एसी थंडी तयार करतो. छे हो! आम्ही गाडीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणारे हमाल.

माझा पहिला मालक फिरता विक्रेता. काच अर्धी उघडी, सिगारेट बाहेर आणि मी पूर्ण जोरात. मी मनातून चरफडायचो. पुढे ही गाडी ताईंच्या नवऱ्याने घेतली, ती केवळ माझ्यासाठी. ताईंना नसांचा आजार आहे. अंग तापलं की त्यांचे पाय ऐकेनासे होतात, डोळ्यांपुढे धुकं येतं. औषध सलाईनमधून घ्यायचं, तेही शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात. पहिल्या दिवशी गार वाऱ्याच्या जाळीसमोर तळहात धरून त्या म्हणाल्या, "अहो, याच्या जिवावर आता कुठेही जाता येईल." मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

मग वारा कोमट यायला लागला. पाइपच्या एका सांध्यातली रबरी रिंग सुकली होती. तिथून गॅस झिरपायचा, आणि त्याच्याबरोबर माझं तेलही.

ताईंचा धाकटा भाऊच एसी मेकॅनिक. गिऱ्हाइकाची गाडी आली की तो दाबाची घड्याळं लावतो, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधतो. पण बहिणीला ताटकळत ठेवणं त्याला कसं जमावं? हातातलं काम टाकून धावत यायचा, नळी जोडायचा, अंदाजाने गॅस भरायचा. वर म्हणायचा, "माझ्या बहिणीची गाडी आहे. थोडा जास्त टाकतो."

अरे बाबा, तुझा थोडा जास्त म्हणजे माझ्या छातीवर धोंडा! गॅस जास्त झाला की दाब चढतो, मग गाडीच मला बंद पाडते आणि वारा पुन्हा गरम. कमी झाला तरी गरम, जास्त झाला तरी गरम. आणि दर वेळी उपाय एकच, आणखी गॅस.

"तुझा भाऊ मला नको नको म्हणताना जेवायला वाढतो ना, तसाच गाडीलाही वाढतो," ताईंचे यजमान एकदा म्हणाले. "दुसरीकडे दाखवूया का?"

"आणि त्याला कळलं तर? काय वाटेल त्याला?"

संपलं. विषय मिटला.

आज इस्पितळात जायचं होतं. काल त्याने पुन्हा भरभरून गॅस घातलेला. रस्त्यात गाड्या खोळंबल्या, पुढून वारा लागेना. दाब चढला, मी बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तेलाविना माझं अंग आतून खरवडत होतं. ताईंनी मानेवर ओला रुमाल ठेवला.

"अहो, पुढची गाडी मला दोन दिसतेय."

यजमानांनी गाडी जवळच्या, भावाच्या गॅरेजकडे वळवली. भाऊ नळी घेऊनच धावला. "दाजी, बॉनेट उघडा. आत्ता टाकतो!"

"थांब," ताई म्हणाल्या. जीभ जड झाली होती. "आज मी तुझी बहीण नाही. गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाची गाडी बघतोस तशी बघ."

"ताई, असं काय बोलतेस गं?"

"आधी मोज."

त्याने घड्याळं लावली. काटा लाल पट्टीच्याही पुढे गेला. मी कर्कश कण्हलो. त्याने घाईने इंजिन बंद केलं.

"गॅस कमी नाहीये, दाजी," तो हळूच म्हणाला. "ठासून भरलाय. मीच."

मग त्याने गॅस काढला, मला उतरवलं, ती सुकलेली रिंगही शोधली. माझं तेल बोटावर घेतलं तर त्यात चमचमता चुरा. तो माझ्याच हाडांचा.

नवा कॉम्प्रेसर त्याच्या कपाटात होता. "लगेच बसव," यजमान म्हणाले. "अजून पोचू आपण. टॅक्सीत मागच्या वेळी काय झालं ते माहितीये ना? उचलून आणावं लागलं हिला."

भाऊ नवा कॉम्प्रेसर हातात धरून उभा राहिला. "ताई, खरं सांगू? चुरा सगळ्या पाइपांत गेलाय. न धुता बसवला तर हाही मरेल, बहुतेक रस्त्यातच. आणि धुवायचे म्हटलं तर आजची वेळ हुकेल. पुढची तारीख कधी मिळेल कोण जाणे."

ताईंनी मांडीवर हात दाबून पाय हलवून पाहिला. हलला नाही.

"धू," त्या म्हणाल्या.

यजमान इस्पितळाला फोन लावत बाहेर गेले. त्यांचा आवाज मला ऐकवत नव्हता.

आता भाऊ पाइपांतून चुरा धुवायचं रसायन सोडतोय, हवा मारतोय, टोकाशी फडकं धरतोय. मधूनच मान वळवून बहिणीकडे बघतो, आणि त्याचे हात घाई करू लागतात. मी थोड्याच वेळात भंगारात जाईन. जाऊ दे. पण ज्यांच्यावर तुमचा जीव आहे, त्यांचं काम अंदाजाने करू नका रे!

फडकं अजून राखाडीच येतंय. भाऊ, ताईंकडे बघू नकोस. फडक्याकडे बघ. अजून एकदा धू.