सात माद्या

कॅडिस माशी दिसते साध्या पतंगासारखी, मातकट. तिची जात ओळखायची तर नराच्या पोटाचं टोक भिंगाखाली बघावं लागतं. शीळफाट्यामागच्या ओढ्यावर टान्याला एकच नर आणि सात माद्या मिळालेल्या. नराचं टोक कुठल्याच नोंदीशी जुळत नव्हतं; जात नवीन होती, यात शंकाच नाही.

ठाण्याला कॉलेजच्या लॅबमध्ये तिने नराचं पोट कॉस्टिक सोड्यात गरम करायला ठेवलं. आतलं मांस विरघळतं, आकार उरतो. दहा मिनिटं, बस्स! तेवढ्यात पप्पांचा फोन आला, "टान्या, सिलिंडरवाला दारात उभा आहे, ओटीपी सांग." लॅबमध्ये रेंज जेमतेम, ओटीपीचा मेसेज येईना. ती बाहेर गेली. परतली तेव्हा वाटीत नुसतं गढूळ पाणी होतं.

"आधी चित्र काढायचंस ना गं! जा, दुसरा नर आण," तिच्या गाईड सुहासिनी मॅडम म्हणाल्या.

रिक्षा करून ती तडक शीळफाट्याला गेली. ओढा भरावाखाली गेलेला. वर रोलर फिरत होता.

"मॅडम, सात माद्या आहेत ना," परत येऊन ती म्हणाली. "त्यांच्यावरून नाही होणार?"

"ताडून बघणार कशाशी? माद्यांकडे आजवर कुणी नीट बघितलंच नाहीये."

टान्याने साती बाटल्यांवर एकच मजकूर लिहिला: मादी. जात माहीत नाही.