अंदाजानं भर

गाडी पुरती थांबलीही नवती अन् रुचिकानं खाली उडी टाकली ना बाप्पा! तलावाच्या पारीवर, म्हंजे बांधावर, शामियाना, 'हार्दिक स्वागत'वाला बॅनर, अन् हातात हार घेऊन तिचा बाप ताराचंद, पांढरा इस्त्रीचा सदरा घालून, हे एवढा हसून राहिला. पण पोट्टीची नजर गेली पाण्यावर. तलाव कोरा! एक कमळाचं पान नाई, गवताची काडी नाई.

आता पाहा, थो तलाव म्हणजे रुचिकाचा जीव. आसगावजवळचं तिचं गाव, पण शिकते नागपुरात, एम.एस्सी., प्राण्यांच्या वागण्यावर. प्रोजेक्ट घेतला कमळपक्ष्याचा. ह्या पक्ष्यात मादी अंडे देते अन् चालली दुसऱ्या नराकडं. अंडे उबवाचे, पिल्लं वाढवाचे, सारं नराच्या गळ्यात. लाखो वर्षांत हे असं उलटं झालं काहून, हाच तिचा सवाल. पावसाळाभर डोंग्यात बसून एका नराच्या मागं लागली होती. कमळाच्या पानावर त्याचं घरटं, त्यात चार अंडे, चॉकलेटावानी चकचकीत. आज-उद्या पिल्लं निंगणार होते. थेच दाखवाले रुचिका काल नागपूरले गेली अन् आज गाईड सरांले घेऊन आली.

"बाबा, पानं कुठं गेले?"

"काढलो ना!" ताराचंद खुश. "काल अख्खं गाव पाण्यात उतरलं. एवढा मोठा पाहुणा येऊन राहिला, त्याले कचऱ्याचा तलाव दाखवाचा का? लग्नाच्या आंधी आंगण सारवतो का नाई आपण?"

"अन् घरट्याच्या खुणेले रोवलेल्या लाल चिंधीच्या माह्या काड्या?"

"थ्याही उपटल्या," धर्मेंद्रकाका मधातच बोलला. "अवं, ज्याची बायको चार नवरे करते, त्या पाखराचं एवढं काय घेऊन बसली?"

दोघंतिघं हासले. रुचिकाचं डोस्कं सणकलं!

"काका, तुमी चूप बसा! बाबा, रोज जेवताना मी काय सांगत होती तुमाले? घरटं पानावर असते, पानावर! अईकत होते का निसतं हूं हूं?"

ताराचंदचं तोंड उतरलं. ह्या पाखरात बाप अंडे सांभाळते, हे त्यानं पवनीच्या बाजारात छाती फुगवून सांगतलं होतं. पान म्हणजेच त्याचं घर, हे डोक्यातच नवतं घुसलं. तिकडं थो नर पाण्यावर घिरट्या घालून राहिला, लांब पाय लोंबकळत. टेकाले जाये, पान नाई, पुन्हा वर उडे. वरडणं त्याचं अईकवत नवतं.

तेवढ्यात सर गाडीतून उतरले अन् मोबाईल काढून फोटो घेतला. "वा! किती स्वच्छ ठेवलाय तलाव!"

"सर, घरटं होतं तिथं."

"अरेरे. हरकत नाही, शेवटच्या नोंदी अंदाजानं भर. पिल्लं निघाली असं धर. परीक्षक काय इथवर येणार आहे?"

रुचिका तशीच वळली. पारीखाली उपटलेल्या पानांचा ढीग सडून राहिला होता, तिथं गेली अन् दोन्ही हातानं उकरू लागली. ताराचंद मागं गेला, सदऱ्यासकट चिखलात बसला.

"व्हा बाजूले!"

नाई झाला. थोही उकरू लागला. अन् त्याच्याच हाताले लागलं, फुटक्या अंड्याचं चॉकलेटी टरफल, आत ओलं. ताराचंद त्याच्याकडं पाहतच राहिला. रुचिकानं थे हिसकलं अन् सीधी सरांपाशी.

"सर, नागपूरपासून मी तुमाले पानाचंच सांगत आली. तुमी सारा रस्ता फोनवर. बाबा नाई शिकले, तुमी तर गाईड आहा!"

"आवाज खाली, रुचिका. मार्क माझ्या हातात आहेत."

"राहू द्या हातात! मी खरं थेच लिहीन. घरटं गेलं, कारण गाईड सरांच्या स्वागतासाठी तलाव साफ केला. खाली तुमची सही लागते."

कोणी हासलं नाई. धर्मेंद्रकाकाही नाई.

"माहं नाव पयले लिही," मागून ताराचंद बोलला. "साफ करा म्हणून मीच सांगतलो."

"लिहीनच! तुमाले का सोडून राहिली?" थे गर्रकन फिरून बोलली, अन् आवाज तिथंच फाटला. मंग सरांचा हात धरला, तळव्यावर थे ओलं टरफल ठेवलं.

"घ्या सर. करा आता अंदाज."