मोहोळांचं रान

शेजारून वाटीभर काही आलं, की ती वाटी रिकामी परत करायची नाही, हा अल्मासच्या अम्मीचा कायदा होता. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, साखरही नसली तर कढीपत्त्याच्या दोन काड्या. पण रिकामं भांडं परत देणं म्हणजे आपली लायकी दाखवणं, असं अम्मी म्हणायची. अल्मासनं नगरच्या डबाशोध मंडळाचं सामान सांभाळायला घेतलं, तेव्हा तिनं तोच कायदा मंडळाला लावला.

हे मंडळ काय करतं, ते आधी सांगायला हवं, कारण नगरात अजून निम्म्या लोकांना हे गुप्तधन शोधणारे वाटतात. खेळ साधा आहे. कुणीतरी डोंगरात, ओढ्याकाठी, एखाद्या पडक्या चौकीमागे एक डबा लपवतो आणि त्या जागेचे आकडे ॲपवर टाकतो. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो डबा हुडकायचा, आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, आतली एखादी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तसा लपवून यायचं. धन वगैरे काही नाही. आत चाव्यांच्या साखळ्या, गोट्या, फार तर एखादी शिट्टी.

पण डोंगरात जायचं तर जीपीएसचं यंत्र लागतं, दोर लागतो, डोक्याला बांधायची बॅटरी लागते, आणि हे सगळं प्रत्येकानं कुठून आणायचं? म्हणून सगळ्यांत मिळून एकच सामान. अल्मासचं सर्जेपुऱ्यात बॅगा शिवायचं दुकान. तिनं जाड ताडपत्रीच्या पिशव्या शिवल्या, त्यात सामान लावलं आणि दुकानातल्या खुंट्यांवर टांगलं. ज्याला हवं त्यानं न्यावं, आणि परत आणताना पिशवी रिकामी आणू नये. लोकांना ते आवडलं. कुणी नवे सेल घालून आणायचं, कुणी दोराला नवी कडी, कुणी नुसता शेंगदाण्याचा लाडू. दोन साधी जीपीएस यंत्रं मंडळाची होती. तिसरं, पिवळं, अल्मासचं स्वतःचं. तेही तिनं त्याच खुंटीला लावलं. आकिब, तिचा नवरा, तेव्हा म्हणाला होता की आपलं ते आपलं असू दे. तिनं ऐकलं नाही.

ऐकायला हवं होतं.

कारण मंडळाचे अध्यक्ष होते कल्याण सर. स्पर्धा परीक्षांचे क्लास घेतात, माईक हातात आला की सोडत नाहीत. मंडळ काढायची कल्पना अल्मासची, पहिले डबे लपवले तिनं, पण कार्यक्रमात तिची ओळख करून द्यायची वेळ आली की सर म्हणायचे, "आणि ह्या आपल्या अल्मासताई, सामान बघतात." बघतात म्हणजे काय? गोठ्यातली म्हैस बघतात तसं? अल्मास दर वेळी हसून मान डोलवायची आणि घरी आल्यावर आकिबचं डोकं खायची.

सरांची पिशवी परत यायची तीही बघण्यासारखी. दोर ओला, त्यात गोखरूचे काटे, सेल आतच राहून गळालेले, आणि पिशवी रिकामी. दर खेपेला. अल्मास एकदा म्हणालीही, सर, काहीतरी घालून आणा की. सर म्हणाले, मी माझा वेळ घालतोय मंडळात.

आता त्या पिवळ्या यंत्राचं. अल्मासला रविवारी डोंगरात हिंडायचं वेड. पाथर्डीकडचे उघडे डोंगर, पारनेरची माळरानं, कुठं घळ, कुठं कोरीव पाण्याचं टाकं, कुठं नुसताच बसायला बरा असा खडक. चांगली जागा दिसली की ती यंत्रात साठवून ठेवायची. या जागा तिची पुंजी होती. एकेका जागी एकेक डबा, सवडीनं, आपल्या नावानं, असं तिनं ठरवलं होतं. उद्या मंडळात कुणी तिला ओळखलं नाही तरी डोंगर ओळखेल, असं तिला वाटायचं. कुणाला कळू नये म्हणून तिनं जागांना नुसते आकडे दिले होते.

नाव फक्त एकाच जागेला होतं.

ती जागा करंजीच्या डोंगरातली. मागच्या हिवाळ्यात ती आणि आकिब एका कड्याखाली गेले होते. जागा सुंदर. आत माणूस वाकून जाईल अशी कपार, समोर दूरपर्यंत दरी. आकिबनं खुशीत येऊन शीळ घातली आणि वरनं आग्या मोहोळ उठलं. पळता भुई थोडी झाली. खाली शेळ्या राखणारी भागूबाई होती, तिनं आपलं घोंगडं आकिबवर टाकलं म्हणून तो वाचला. तरी चेहरा सुजून डोळे मिटले आणि रात्र पाथर्डीच्या दवाखान्यात गेली.

"पाऊस लागला की जात्यात त्या माश्या," भागूबाईनं सांगितलं होतं. "थंडीला परत हितंच. दरसाल. वर जाऊ नगा, बाय."

यंत्रावर मराठी उमटत नाही. आकिबनं सुजलेल्या बोटांनी त्या जागेपुढे इंग्रजी अक्षरांत लिहिलं: मोहोळ. म्हणजे पुन्हा चुकूनही इकडं यायचं नाही.

मंडळाच्या ग्रुपवर त्या वेळी आकिबच्या फोटोवर सगळ्यांत जास्त विनोद केले ते कल्याण सरांनी. कुठं चावल्या, हे मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

भाद्रपदात सर पिवळं यंत्र घेऊन गेले, ते बरेच दिवस आणलंच नाही. आणलं तेव्हा अर्थात पिशवी रिकामी. मग जानेवारीत त्यांनी मंडळाचा मोठा मेळावा जाहीर केला. सरांनी स्वतः शोधलेली अद्भुत जागा, स्वतः लपवलेला डबा, आकडे त्याच दिवशी सकाळी कळतील, सहकुटुंब या. अल्मासला निरोप आला की शनिवारी सामान तयार ठेवा. तुम्हीही या, असं काही त्यात नव्हतं. तिनं पिशव्या भरल्या, दोर तपासले, एकेकाच्या हातात दिल्या, आणि रविवारी रुसून घरी बसली.

रविवारी सकाळी चहा घेता घेता तिनं फोन उघडला. डब्याचं नाव होतं 'मोहोळांचं रान'. खाली सरांनी लिहिलं होतं की या परिसरात पूर्वी मोहोळ नावाच्या पराक्रमी घराण्याची वतनी जमीन होती आणि त्यांच्या स्मृतीला हा डबा अर्पण आहे.

तिनं आकडे पाहिले. ते तिला स्वतःच्या फोन नंबरासारखे पाठ होते.

आधी तिला नुसता संताप आला. तिचं यंत्र उसनं नेऊन, तिच्या जागा चाळून, या माणसानं त्यातली एक उचलली होती. वर घराणं काढलं, वतन काढलं. आकड्यांत एकच नाव दिसलं, त्या अर्थी जागा खास असणार, एवढीच त्याची अक्कल. पावसाळ्यात गेला, कडा मोकळा होता, डबा ठेवला आणि आला.

आणि मग तिला हसू फुटलं. जाऊ दे वर. भेटू दे घराण्याला. चहाचा कप संपेपर्यंत तिला हे अगदी मनापासून वाटलं, आणि त्याची तिला मुळीच लाज वाटली नाही.

कप खाली ठेवला तेवढ्यात ग्रुपवर फोटो आला. मंडळाच्या चिटणीस राजनंदिनी आपल्या दोन मुलींना घेऊन घाटात उभ्या होत्या. मुलींच्या हातात रंगीत धुराच्या नळकांड्या. खाली लिहिलं होतं, डबा सापडताच कड्याखाली धूर सोडून सरांसोबत फोटो.

आग्या मोहोळाखाली धूर. अल्मासनं सरांना फोन लावला, राजनंदिनींना लावला. तोवर मंडळी रेंजच्या बाहेर गेली होती. आकिबनं काही न विचारता मोटारसायकल काढली.

ते पोचले तेव्हा मंडळी निम्मी चढण चढून झाडाखाली दम खात होती. सर पुढे उभे राहून मोहोळ घराण्याचा इतिहास सांगत होते. अल्मासला धापा टाकत येताना पाहून ते थांबले.

"अल्मासताई, तुम्ही कशा? सामानातलं काही राहिलं का?"

तिनं सगळ्यांना हळू आवाजात सांगितलं की इथून पुढं कुणी जाऊ नका, वर धोका आहे, खाली चला. सर हसले. म्हणाले, मी स्वतः डबा ठेवून आलोय, तिथं चिमणीसुद्धा नाही. मग जरा बाजूला वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले की ताईंना बोलावणं गेलं नाही याचं वाईट वाटलेलं दिसतंय. दोघंतिघं हसले. ते हसू तिला जास्त झोंबलं.

"सर, डब्याचं नाव मोहोळ कसं ठेवलंत?" तिनं विचारलं.

"सांगितलं ना, जुनं घराणं होतं इथलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अभ्यास असतो, ताई."

तेव्हा आकिब पुढे आला. तो गॅरेज चालवतो, मंडळात फारसं बोलत नाही.

"मी भेटलोय त्या घराण्याला," तो म्हणाला. "मागच्या थंडीत. माझा फोटो बघून तुम्हीच हसला होता, सर."

कुणाला काही कळेना. अल्मासनं राजनंदिनींच्या गळ्यातली दुर्बीण घेऊन त्यांच्या डोळ्यांना लावली आणि कड्याकडे वळवली. कड्याच्या पोटाला काळी, सुपाएवढाली मोहोळं लोंबत होती आणि त्यांच्यावरून काहीतरी सळसळत होतं. राजनंदिनींनी दुर्बीण खाली केली, मुलींच्या हातातल्या नळकांड्या काढून पिशवीत कोंबल्या आणि उतरायला लागल्या. त्यांच्यामागून सगळेच.

सर शेवटी राहिले. "पण भाद्रपदात आलो तेव्हा काहीच नव्हतं," ते पुटपुटले.

"भाद्रपदात माझं यंत्र तुमच्याकडे होतं," अल्मास म्हणाली.

यावर माणसानं काय म्हणावं? चुकलं म्हणावं. सर म्हणाले, "सामान मंडळाचं आहे. त्यात जे आहे तेही मंडळाचंच."

"वाटी उसनी दिली म्हणजे शेजारणीला घर दिलं नाही, सर," ती म्हणाली. पण सर तोवर वळून चालायला लागले होते.

खाली आल्यावर तिला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. राजनंदिनींनी तिचा हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं, आभार मानले आणि वर म्हणाल्या की झालं गेलं गंगेला मिळालं, सर तरी मंडळासाठी किती करतात. किती करतात! मुलींचे जीव जायची वेळ आली होती आणि या बाईला सरांचं मन जपायचं होतं. संध्याकाळी ग्रुपवर सरांचा मजकूर आला. अध्यक्षांनी वेळीच धोका ओळखून, सदस्यांच्या सुरक्षेला प्राधान्य देत मोहीम स्थगित केली. खाली अंगठ्यांची रांग लागली. अल्मासचं नाव होतं, नाही असं नाही. शेवटच्या ओळीत, सामानाच्या व्यवस्थेबद्दल आभार.

आकिब म्हणाला, उद्यापासून खुंट्या रिकाम्या कर, मागू देत भीक. अल्मासला रात्रभर तेच पटत होतं. पण सकाळी दुकान उघडल्यावर एक कॉलेजची मुलगी दोर मागायला आली, मागच्या वेळच्या पिशवीत आठवणीनं चिक्की घालून. एका माणसासाठी हिला नाही म्हणायचं? तिनं दोर दिला. मग पिवळं यंत्र घेतलं आणि शिलाई मशीन बाजूला सारून दुपारपर्यंत त्याच्याशीच काहीतरी करत बसली. जागा एकही पुसली नाही; कुठली कोणती, ते तिला पाठच होतं.

शनिवारी सर आले. करंजीचा विषय नाही, दिलगिरी नाही. नवा डबा लपवायचाय, म्हणाले, पिवळं यंत्र द्या, त्याला रेंज चांगली येते. अल्मासनं खुंटीवरनं पिशवी काढून मुकाट्यानं पुढे केली. सरांना तेवढं बरं वाटलं. त्यांनी तिथंच यंत्र चालू केलं, जागांची यादी उघडली आणि बोटानं खाली खाली सरकवायला लागले. मग पुन्हा वर गेले. पुन्हा खाली आले.

"ताई, हे सगळीकडे मोहोळच कसं?"

अल्मासनं मशीनवरची मान वर केली नाही.

"घराणं मोठं आहे, सर. जिल्हाभर पसरलंय."