सदर बाब विचाराधीन आहे

सूर्य नुकताच बुडाला होता आणि इमारतीच्या गच्चीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोनशे माणसं माना वर करून उभी होती.

"आला," कोणीतरी पुटपुटलं.

अगदी वर एक पांढरा ठिपका पेटला होता. चांदणी म्हणावी तर सरकत होता, विमान म्हणावं तर आवाज नव्हता.

"हलू नका," पाण्याच्या टाकीवरून कप्तान म्हणाला. हा कधी कुठल्या जहाजाचा कप्तान होता ते त्यालाच ठाऊक. त्याच्या पायाशी आभाळातून पडलेली एक डबी होती; उडत्या तबकडीचा तुकडा म्हणून तो ती सगळ्यांना दाखवायचा. "ते मोजणी करताहेत. ज्याच्या रक्तात औषध सापडेल, तो उचलला जाईल. आणि सरकारला हे माहीत आहे." त्याने प्लास्टिकमध्ये घातलेलं पत्र उंच धरलं. "'आपला अर्ज प्राप्त झाला. सदर बाब विचाराधीन आहे.' तसं काही नाही, असं म्हटलंय का कुठे? मग जे नाहीच, त्याचा विचार कोण कशाला करेल?"

ठिपका एकाएकी विझला. "मोजून गेले," कप्तान म्हणाला. गच्चीवर हुंदके फुटले.

जिन्याच्या दारात ताई उभी होती. सरकारी कचेरीत ती आवक-जावक सांभाळायची. ते पत्र तिनेच टाइप केलं होतं. आणि कठड्याला चिकटून उभ्या असलेल्या तिच्या धाकट्या बहिणीने आकडीची गोळी चार दिवस घेतली नव्हती. मागे एकदा गोळी चुकली, तेव्हा ओट्यावर डोकं आपटून सात टाके पडले होते.

घरी ताईने गोळी आणि पाणी पुढे केलं.

"नको. ते मला ओळखतील."

"ते म्हणजे कोण गं?"

"मला काय विचारतेस? लपवता तुम्ही लोक." धाकटीचे ओठ पांढरे पडले होते. "एवढंच सांग, पत्र खोटं आहे?"

पत्र खरं होतं. तीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. "लोकांना साफ लिहून कळवू या ना, साहेब."

"आणि उद्या काही निघालं तर? सही कुणाची? 'विचाराधीन' लिहिल्यामुळे आजवर कोणी सस्पेंड झालेलं नाही."

"पण विचार करतंय कोण?"

साहेबांनी चहा ढवळला. "ते त्या वाक्यात कुठे लिहिलंय?"

ताईने कपाटातून आभाळातल्या दिव्याबद्दलचे सगळे अर्ज काढले. एकेचाळीस. शिक्का प्रत्येकावर होता, वाचलेला एकही नव्हता. ती वाचत गेली. माणसं वेगळी, पण वेळ एकच: सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. ती उठली आणि आवारातल्या भिंतीपलीकडे हवामानखात्यात गेली. तिथल्या निरीक्षकाला सगळे फुगेवालाच म्हणत.

"अहो, तो माझा फुगा," तो म्हणाला. "रोज सोडतो. खाली हवा मोजायची डबी बांधलेली असते, ती उंचीही कळवत राहते. आपल्याकडे सूर्य बुडतो, पण तीस किलोमीटर वर ऊन असतंच. म्हणून चमकतो. वर फुगत फुगत जातो आणि फुटतो. दिवा विझला."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"विचारलं कोणी?"

"एकेचाळीस जणांनी."

"ते तुमच्या कपाटात ना?"

ताईला रागाआधी शरम वाटली. एक नवी डबी घेऊन ती निघाली.

त्या संध्याकाळी ठिपका पेटला तेव्हा ती टाकीच्या पायऱ्या चढत होती.

"सरकारी बाई आली," कप्तान म्हणाला. गर्दी तिच्याकडे वळली. "ढकला तिला खाली," एक आवाज आला. त्याला कोणी गप्प केलं नाही.

"पत्र मी टाइप केलं होतं," ताई म्हणाली. "विचार कोणीच करत नव्हतं." तिने फुगेवाल्याला फोन लावून स्पीकर सुरू केला. तो चुकला तर?

"एकोणतीस हजार मीटर," फोनमधून आवाज आला. "साडेएकोणतीस. तीस." धाकटी एकदा फोनकडे, एकदा आभाळाकडे बघत होती. "फुटला."

ठिपका विझला. त्याच क्षणी.

"मोजून..." कप्तान बोलू लागला.

तबकडीचा तुकडा म्हणून तो दाखवायचा ती डबी ताईने उचलली आणि आपली शेजारी धरली. हुबेहूब तशीच. हिच्यावर कागद होता: 'हवामान मोजण्याचे उपकरण. धोका नाही.' त्याच्या डबीवर तेवढाच चौकोन, नखांनी खरवडलेला, डिंकाने काळा पडलेला.

"कागद तूच काढलास," धाकटी म्हणाली. "म्हणजे तू वाचला होतास."

कप्तान जिन्याकडे सरकला. त्याला पैसा नको होता. दोनशे माणसं आपल्या तोंडाकडे बघताहेत, एवढंच हवं होतं. तेवढ्यासाठी तो एका पोरीला मरू देणार होता. आणि साहेब? एक सही टाळण्यासाठी.

भीती वाटणं हा गुन्हा नाही. पण आभाळात काय आहे ते विचारा, कोणाला ठाऊक असेल त्याला विचारा, आणि 'विचाराधीन' हे उत्तर म्हणून घेऊ नका. जिथे उत्तर मिळत नाही, तिथेच कप्तान उगवतात.

ताईने एकेचाळीस उत्तरं लिहिली: 'तो फुगा आहे. औषधं चालू ठेवा.' खाली साहेबांसाठी जागा न सोडता स्वतःची सही केली.

धाकटीने गोळी गिळली. "आजची रात्र खिडकी बंद ठेवू या का?"

"ठेव," ताई म्हणाली. "उद्या मात्र उघडायची."