पहिल्या पेटीचं कपाळ

चेरीचं लाकूड उजेडात गडद होत जातं. ताजं कापलेलं असतं तेव्हा ते सोललेल्या बदामासारखं फिकट असतं. काही महिन्यांत त्याला मधाचा रंग येतो आणि मग वर्षांमागून वर्षं ते विटकरी तांबूस होत राहतं. वर काही ठेवलेलं असेल तर तेवढी जागा मात्र फिकटच राहते. हे मी रसायनशास्त्राच्या वर्गात शिकले नाही. गिल डॉम्बेक यांच्याकडून शिकले, गिटारच्या ॲम्प्लिफायरच्या पेट्या घासता घासता.

सोमवारी कर्ट एंगस्ट्रॉमने पॉलिशच्या खोलीत येऊन एक पेटी माझ्या टेबलावर ठेवली. ती कारखान्याची पहिली पेटी होती. १९७९ साली कर्टच्या वडिलांनी, लेनर्ड यांनी, आतलं यंत्र जोडलं आणि गिलनी बाहेरचं लाकूड. समोरच्या जाळीच्या वर जी आडवी पट्टी असते तिला आम्ही कपाळ म्हणतो. त्या कपाळावर पितळेची तीन अक्षरं होती: ई, मधे ‘आणि’ची खूण, आणि डी. एंगस्ट्रॉम आणि डॉम्बेक. तेव्हापासून ही पेटी ऑफिसच्या दक्षिणेकडच्या खिडकीत होती.

आता अक्षरं कर्टच्या मुठीत होती. कपाळावर तरीही ती दिसतच होती. तांबूस लाकडात तीन फिकट आकृत्या, कडा अगदी रेखीव.

“हे जाईल ना?” त्याने विचारलं.

“कशाला घालवायचं?”

“शुक्रवारी नव्या मालकांची माणसं पेटी न्यायला येतायत. त्यांच्या मुख्य ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवणार. त्यांना मधोमध नुसता ई हवाय.”

“आणि डी?”

“गोष्टीत दोन माणसं असली की लोक विचारतात, दुसरा कुठे गेला. मग बसा सांगत.”

“दुसरा इथेच आहे. परवा येईल कामावर.”

“गिलकाकांनी भागीदारी सोडली तेव्हा मी शाळेत होतो. कागदावर सही आहे त्यांची.” अक्षरं खिशात टाकून तो दाराशी थांबला. “पॉलिशला नवे मालक एकच माणूस ठेवणार आहेत. मी तुझं नाव दिलंय. आणि हो, जुनी दिसली पाहिजे पेटी. नवीकोरी नको.”

कागदावर सही होती हे खरं. लेनर्डना फवाऱ्याने झटपट लॅकर मारायचं होतं, गिलना हाताने तेल मुरवायचं होतं. त्यावरून फाटलं. गिलनी भागीदारी सोडली, ब्रश सोडला नाही. तिथेच पगारावर राहिले. तेव्हा लेनर्डनी त्यांना एकच शब्द दिला होता, हातात हात घेऊन: पहिल्या पेटीवरची अक्षरं हलणार नाहीत. कारखान्यातल्या बाराही जणांना हे ठाऊक होतं. लेनर्ड गेल्या हिवाळ्यात वारले.

बुधवारी गिल आले. एकाहत्तर वर्षांचे आहेत. उजवा हात थरथरतो, म्हणून शेवटचा थर मी चढवते आणि ते मागे उभे राहून चुका काढतात.

“काय झाकून ठेवलंयस, प्रोफेसर? मेलंय का कुणी?”

त्यांनी स्वतःच फडकं उचललं. डाव्या हाताचा अंगठा डीवरून फिरवला.

“कर्टने काढली?”

“हो.”

“पोरगा माझ्या टेबलाखाली झोपायचा लहानपणी. स्क्रू-ड्रायव्हर धरायला मी शिकवलं त्याला. तरी बघ, कड उचकटलीच.” ते खाली वाकले. “पण एका परीने बरं झालं. पितळ काय, कुणीही काढेल. ही सावली कोण काढणार?”

मी ब्रश धूत राहिले.

“किती खोल असते गं ही?”

मी आदल्याच दिवशी मोजलं होतं. त्याच खिडकीतल्या जुन्या फळीचा तुकडा कापून, कड भिंगाखाली धरून.

“एक दशांश मिलिमीटर. फार तर दोन.”

“माणसाच्या भाषेत सांग.”

“एक केस. फार तर दोन.”

“एवढ्या वर्षांत दोन केस.” ते हसले, मग खोकले. “त्याने तुला घासायला सांगितलंय ना?”

“हो.”

“नाही म्हण.”

“गिल, ते एकालाच ठेवणार आहेत.”

“माहितेय. मी कुठे म्हणतोय मला ठेवा? हा हात बघ. नोकरी तूच कर. फक्त त्याला सांग, जमणार नाही, लाकूड खराब होईल. शिकलेली आहेस, तुझं ऐकेल तो. मी आजवर इथे कुणाकडे काही मागितलं नाही.”

“बघते.”

“बघते म्हणजे?”

“बघते म्हणजे बघते.”

त्यांनी हातातली तेलाची चिंधी दोरीवर पसरून वाळत घातली. या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर आपोआप पेटतो. मग न उघडलेला जेवणाचा डबा उचलून ते घरी गेले.

कर्टने विश्वास ठेवला असता. त्याला लाकडातलं काही कळत नाही. पण पदवी घेऊन परत आल्यावर मी वर्षभर नोकरीशिवाय होते आणि आमच्या गावात दुसरा कारखाना नाही. शिवाय आणखी एक कारण होतं, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला ते जमतं का, हे बघायचं होतं.

गुरुवारी गिलची सुट्टी असते. मी पोलादी पातं घेतलं आणि कपाळ खरवडलं. व्हार्निश निघालं, मग लाकडाची पातळ सालं निघू लागली. नवव्या फटकाऱ्याला डी गेला. ई आणि मधली खूणही गेली. उरलं बदामासारखं फिकट लाकूड.

मग लाकूड झटपट गडद करायला कॉस्टिक सोडा. गिल सोड्याला हात लावू देत नसत. नवी पेटी दोन आठवडे खिडकीत ठेवायची, हा त्यांचा नियम. “उन्हाला घाई नसते, घाई गिऱ्हाइकाला असते.” मी तीन तुकड्यांवर तीन प्रमाणं करून पाहिली. मधलं जुळलं. कपाळावर फिरवताच लाकूड डोळ्यांदेखत लाल होत गेलं. व्हिनेगरने सोड्याचा जोर मारला, धुतलं, वाळवलं, उठलेले तंतू घासले, पातळ व्हार्निशचे दोन हात दिले. खिडकीतल्या उन्हाने इतकी वर्षं लावून आणलेला रंग वीस मिनिटांत आला होता.

प्रत्येक अक्षराला दोन खिळे होते, म्हणून सहा भोकं. मधली दोन आता मधोमध येणाऱ्या ईखाली झाकली जाणार होती. डावीकडची दोन मी चेरीच्या भुशाने आणि सरसाने बुजवली. डीची दोन तशीच ठेवली. टाचणीच्या टोकाएवढी. कर्टला दिसणार नव्हती. गिलना दिसली असती. मला वाटलं, त्यांना कळेल.

शुक्रवारी सकाळी कर्टने मधोमध ई ठोकला आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. “आधीपेक्षाही जुनी वाटते,” तो म्हणाला आणि खुशीत फोन लावायला गेला.

गिलचा कामाचा दिवस नव्हता, तरी ते आले. पेटीसमोर उभे राहिले. टोपी काढून बगलेत धरली आणि वाकून वास घेतला.

“सोडा.”

“हो.”

“रंग जमलाय.”

दोन वर्षांत त्यांनी माझ्या कामाला पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं. मग त्यांचं बोट उजवीकडे सरकलं आणि थांबलं.

“इथे भोकं राहिलीत.”

“राहिली नाहीत. ठेवलीत. तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी?”

“डीची खूण म्हणून. कुणी अगदी जवळून बघितलं तर...”

“कोण बघणार आहे? काचेतून?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नाही. “ही माझ्यासाठी नाही ठेवलीस, पोरी. तुला झोप लागावी म्हणून ठेवलीस.”

त्यांनी खणातून तांबूस मेणाची कांडी काढली. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. पहिल्या वेळी कांडी घसरली, दुसऱ्या वेळीही. मी पुढे झाले तर मानेनेच नको म्हणाले. तिसऱ्या वेळी दोन्ही भोकं भरली. नखाने जास्तीचं मेण काढलं, चिंधीने पुसलं, पुन्हा पुसलं.

“लबाडी करायची तर निदान अर्धवट करू नये,” ते म्हणाले. “भोकं असलेली पेटी या खोलीतून बाहेर गेलेली नाही अजून.”

चिंधी दोरीवर नीट पसरून त्यांनी टोपी घातली आणि ते निघून गेले.

गाडी यायला तासभर होता. मी भिंग घेतलं, दिवा तिरका धरला आणि कपाळाची उजवी बाजू बोटाबोटाने तपासली. भोकं सापडली नाहीत.